सोळाव्या डब्यातलं लोणी

मंगळवारी सकाळी सव्वादहाला वसुधा गेली. अकराला तिचा तास होता.

वसुधा माझी बायको. मालवणच्या बाजूच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि त्याच कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. ती बोलायची आणि मी पुस्तकं जागेवर लावायचो, असा एकतीस वर्षांचा संसार. ती गेल्यावर आठ महिन्यांनी मी कोल्हापूरला जाऊन आलो. जाताना वाळलेल्या शेवाळाचं एक पोतं नेलं आणि येताना लोण्याचा एक डबा आणायचा होता. कोल्हापूरला जाऊन आलेल्या माणसाने अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, पन्हाळा यांबद्दल लिहावं अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. मी यातलं काही पाहिलं नाही. मी एक म्हैस पाहिली.

आधी लोण्याचं सांगायला हवं. गाईचं तूप पिवळं असतं आणि म्हशीचं पांढरं, हे सगळ्यांना माहीत असतं. का, ते मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. हिरव्या चाऱ्यात एक पिवळा रंग असतो. गाय तो बराचसा तसाच पुढे जाऊ देते, म्हणून तो तिच्या चरबीत आणि दुधात उतरतो. म्हैस तोच रंग मोडून त्याचं अ जीवनसत्त्व करते आणि पांढरं दूध देते. "तू गाय आहेस," वसुधा मला म्हणायची. "जे आत येतं ते तसंच फडताळात ठेवून देतोस. मी म्हैस. मी त्याचं काहीतरी करते."

समुद्रातल्या तपकिरी शेवाळात मात्र एक वेगळा, नारिंगी रंग असतो. त्याचं नाव फ्यूकोझँथिन. त्याचं जीवनसत्त्व करणं सस्तन प्राण्यांना जमत नाही. आतड्यात त्याचं रूप थोडं बदलतं, यकृतात आणखी थोडं, आणि मग ते चरबीत जाऊन बसतं. उंदरांमध्ये हे पाहिलेलं आहे. वसुधाला प्रश्न पडला होता तो असा, की हे शेवाळ म्हशीला घातलं तर ती काय करेल? तिच्या चार कप्प्यांच्या पोटात तो रंग हरवेल, की लोण्यापर्यंत पोचेल? आणि शेवाळ बंद केल्यावर तो किती दिवस टिकेल? जगात हा प्रश्न पडलेली माणसं फार नसावीत. आमच्या घरात एक होती. त्यामुळे आमच्या गच्चीवर कायम शेवाळ वाळत असे आणि शेजारी आमच्याकडे चहाला येत नसत.

कोल्हापूरच्या एका पेठेत आनंदराव म्हणून एक म्हैसवाले आहेत. एका विद्यार्थ्याच्या ओळखीने ते तिला भेटले. आधी तीन-चार म्हैसवाल्यांनी नकार दिला होता; आपल्या म्हशीला शेवाळ घालायला तयार झालेला हा पहिला माणूस. दर पंधरा दिवसांनी वसुधा एसटीने पोतं घेऊन जायची आणि लोण्याचा डबा घेऊन यायची. असे पंधरा डबे आले, त्यांतला रंग यंत्रावर मोजला गेला आणि तक्त्यात पंधरा ओळी भरल्या. मग तिने शेवाळ बंद करायला सांगितलं. त्यानंतरच्या लोण्याचा सोळावा डबा आनंदरावांच्या फ्रीजमध्ये होता. तो आणायला ती त्या गुरुवारी जाणार होती.

तिची विद्यार्थिनी मंजिरी आता त्याच विभागात शिकवते. ती एकदा ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "सर, ती एकच ओळ राहिली आहे. रंग किती टिकतो ते तिच्यातच कळणार. ती मिळाली की मॅडमचा शोधनिबंध पाठवते." म्हैस आता दुसऱ्या वेताची झाली होती. नव्या वेताचं दूध जुन्या तक्त्यात बसत नाही. म्हणजे होता तो एकच डबा.

त्याच आठवड्यात आनंदरावांचा फोन आला. मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून ऐकला. "सर, मॅडमचा डबा हाय आमच्यात! तुमी या की न्यायला! आन् ते शेवाळ असंल तर आणा, म्हस याद काढतीया!"

तिने वाळवलेलं शेवटचं पोतं गच्चीच्या जिन्यात होतं. ते मला टाकता आलं नव्हतं. ते टाकण्याचा एक सन्मान्य मार्ग आता सापडला.

घाटात

कंडक्टर कोल्हापूरकडचा होता. त्याने पोत्याला बुटाचं टोक लावून पाहिलं.

"पोत्यात काय हाय?"

"शेवाळ."

"कुणाचं?"

"बायकोचं," मी म्हणालो.

"आन् चाललंय कुठं?"

"म्हशीला."

त्याने तिकीट फाडायचं थांबवलं आणि सगळ्या गाडीला सांगितलं, "ह्यांच्या मंडळींनी म्हशीला शेवाळ धाडलंय! का वो पावणं, म्हस माहेरची हाय काय त्यांच्या?"

गाडी हसली. मीही थोडा हसलो असेन. वसुधा असती तर तिने पुढची दहा मिनिटं उभं राहून सगळ्यांना फ्यूकोझँथिन समजावलं असतं आणि वैभववाडी येईपर्यंत निम्म्या गाडीला ते पटलंही असतं.

घाट सुरू झाला तसं ऊन खिडकीतून पोत्यावर आलं आणि पोत्याने वास सोडला. माझ्या पुढच्या बाकावर सुकी मासळी घेऊन एक बाई बसली होती. टोपलीतले बांगडे तिने पदराने झाकले आणि मागे वळून म्हणाली, "भावा, ता पोता जरा पलीकडे सरकव. माझ्या बांगड्यांक वास लागतलो."

मी पोतं माझ्या पायांत ओढून घेतलं. आमच्याकडे ज्या वासाला लोक नाकं मुरडतात त्या वासाने दुसऱ्या वासाला नाक मुरडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गगनबावड्याला गाडी चहासाठी थांबली. वर हवा गार होती आणि झाडांतून धुकं अजून उठलं नव्हतं. मी उतरलो नाही. कंडक्टर चहाचा कप घेऊन माझ्या खिडकीशी आला. "मॅडम मागनं येणार व्हय?" त्याने विचारलं. त्याला चेष्टा पुढे चालवायची होती.

मी नाही म्हणून मान हलवली. बहुधा ती जरा जास्त वेळ हलवली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पोत्याकडे. हातातला चहा त्याने मला दिला. मग आत येऊन पोतं माझ्या पायांतून उचललं आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बाकाच्या पाठीला टेकवून नीट बसवलं.

"ऱ्हाऊ द्या त्यास्नी हितंच," तो म्हणाला.

कळे गावाला गर्दी चढली. उसाची तोडणी चालू होती, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक जाडजूड गृहस्थ पोतं खाली ठेवायला निघाले तेव्हा कंडक्टर मागून ओरडला, "ओ! ती शीट रिजर्व हाय!" कोल्हापूरपर्यंत पोतं बसून आलं आणि ते गृहस्थ उभे राहून आले.

गोठा

स्टँडवर आनंदराव मोटारसायकल घेऊन आले होते. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. त्यांच्यामागे पोतं आणि पोत्यामागे मी असे आम्ही पेठेत गेलो. सगळा रस्ता ते मान मागे वळवून बोलत होते आणि पुढून येणारी वाहनं आपलं आपण बघून घेत होती. आमच्याकडे माणूस मोठ्याने बोलला की भांडण चाललंय असं वाटतं. कोल्हापुरात माणूस हळू बोलला की तो आजारी आहे असं समजतात. मी दारात "नमस्कार" म्हटल्यावर आनंदरावांच्या पत्नी, शालनवहिनी, पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "बरं न्हाय काय वो तुमास्नी? आवाज का येईना?"

तिथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी करतो' असंच म्हणतात. पहिली दहा मिनिटं दचकायला होतं, मग आपल्याकडच्याच बायका उगाच लाजतात असं वाटू लागतं.

घराच्या मागे गोठा. सहा म्हशी. त्यांतल्या पाच मागे वळल्या आणि परत वैरण खाऊ लागल्या. सहावीने कान टवकारले, नाकपुड्या फुगवल्या आणि दावं ताणून असा काही आवाज काढला की माझ्या हातातलं पोतं खाली पडलं.

"समिंद्री," आनंदराव अभिमानाने म्हणाले. "पयलं नाव चंद्री. शेवाळ खाया लागली तसं हिनं नाव बदललं." 'हिनं' म्हणजे वहिनींनी. "मॅडमचा पाय गल्लीत पडला की अशीच वराडायची. सकाळधरनं वळखायची, आज मॅडम येणार."

समिंद्रीने पोत्याकडे पाहिलं नाही. ती माझा शर्ट हुंगत होती. पाच तास त्या पोत्याशेजारी बसल्यामुळे मला वास लागलेला असणार, यात गूढ काही नाही. तिने माझी बाही कोपरापर्यंत चाटली आणि मग माझ्या मागे, दाराकडे, बघत राहिली.

"बघतीया बघा," वहिनी म्हणाल्या. "मागनं मॅडम येतील म्हून. तिला अजून कुणी सांगितलं न्हाय."

"मी सांगणार हुतो," आनंदराव म्हणाले, "पर म्हटलं, आपुन कसं सांगायचं. घरच्या माणसानं सांगाया पायजे."

दोघंही माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं ते चेष्टा करत आहेत. ते चेष्टा करत नव्हते. आनंदरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

मी समिंद्रीच्या समोर उभा राहिलो. म्हशीला कुठल्या शब्दांत सांगतात याची मला कल्पना नव्हती. घसा साफ केला.

"वसुधा गेली," मी म्हणालो.

"जरा मोठ्यांदा," वहिनी म्हणाल्या. "तिला ऐकाया कमी येतं."

"वसुधा गेली," मी मोठ्याने म्हणालो.

आठ महिन्यांत हे वाक्य मी उच्चारलं नव्हतं. बाकीच्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं होतं, फोनवर, दारात, नोटीसबोर्डावर. समिंद्रीने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पोत्यात तोंड खुपसून खाऊ लागली.

"समजलं तिला," आनंदराव म्हणाले.

मग वहिनींनी डबा दाखवला. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या मागे, काळ्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. उजेडाने रंग उडतो म्हणून काळं फडकं वसुधानेच दिलेलं. वर, रिकामा डबा देतानाच चिकटवलेल्या पांढऱ्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'क्र. १६. हात लावू नये.'

"न्हाय लावला," वहिनी म्हणाल्या. "पोरीच्या लग्नात घरात पन्नास माणूस हुतं. तूप कमी पडलं. हे म्हनले, काढ तो डबा. मी म्हटलं, हात तोडीन."

"खरंच म्हनली," आनंदराव म्हणाले. "जावयासमोर."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं, की हे लोणी अजून तपासायचं आहे, मंजिरी वाट बघते आहे, तक्त्यात एक ओळ रिकामी आहे. पण मी त्या चिठ्ठीवरचा '६' बघत होतो. वसुधाचा सहा वरून मिटलेला असायचा, नेहमी शून्यासारखा फसवायचा. त्यामुळे मी काही बोललो नाही. पुढे जे घडलं त्यात चूक असेलच तर ती इथे आहे आणि ती माझी आहे.

कट्टा

संध्याकाळी आनंदराव तीन म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जातात. कोल्हापुरात दूध प्यायची ही रीत आहे: म्हैस रस्त्याकडेला उभी राहते, तुम्ही पेला पुढे करता, आणि धार थेट पेल्यात पडते. न तापवलेलं, फेसाळ, अंगच्या उबेचं दूध लोक उभ्याउभ्या पितात आणि मिशा पुसून घरी जातात. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि दोनदा उकळल्याशिवाय कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आठदहा माणसं आधीच होती. त्यांतला एक अवाढव्य माणूस आनंदरावांना म्हणाला, "काय सस्तन, आज उशीर?"

"पावणं हायेत," आनंदराव म्हणाले. "मॅडमचं मालक."

तो अवाढव्य माणूस उठला. ते हिंदुराव पैलवान. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझा हात दिसेनासा झाला.

"या सस्तन," ते हळू म्हणाले. त्यांच्या मानाने हळू.

मी चक्रावून बघत होतो, तेव्हा सगळेच एकदम सांगू लागले. वसुधा लोण्यासाठी आली की संध्याकाळी या कट्ट्यावर बसायची. बसायची आणि बोलायची. आपण सगळे सस्तन आहोत, ती सांगायची. म्हैस, गाय, पैलवान, नगरसेवक, सगळे. आईच्या दुधावर वाढलेले, आणि खाल्लेलं अंगात साठवणारे. गाजर-पपई फार खाल्ली तर माणसाचेही तळहात पिवळे होतात. तेव्हापासून कट्टा एकमेकांना सस्तन म्हणतो. नव्या माणसाला आधी शिवी वाटते.

"समद्यांचं हात बघितलं हुतं मॅडमनी," हिंदुराव सांगत होते. "माझं बघितलं आन् उडाल्याच. पिवळंजर्द! वही काढली. वय काय, वजन काय, खाता काय. दोन खेपा मला नाव घेऊन हाक न्हाय मारली, 'नमुना' म्हनायच्या. तिसऱ्या खेपंला इचारलं, काम कुठं करता? म्हटलं, हळदीच्या गोदामात."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हनल्या, नमुना, हात धुऊन या."

कट्टा हसला. मीही हसलो, आणि या खेपेला मला ते ऐकू आलं.

"तीन गिलास प्यायच्या," एक जण म्हणाला. "निरसं. वरचा फेस ठेवून द्यायच्या नाकाला."

"वसुधा दूध पीत नसे," मी म्हणालो. "तिला वास यायचा."

हिंदुराव दुखावले. "आमच्या दुधाला? काय सांगतासा. तीन गिलास! आनंदा, सांग की."

आनंदरावांनी मान डोलावली. मी त्या सगळ्यांकडे पाहिलं. खोटं बोलण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. एकतीस वर्षं मी घरात तिचा चहा बिनदुधाचा करत होतो, आणि इथे पंधरा दिवसांआड ती नाकाला फेस लावून बसत होती. घरी कधी म्हणाली नाही. मी कधी विचारलंही नव्हतं.

माझ्या हातात पेला आला. दूध गरम होतं, गोड होतं. मी तीन पेले प्यायलो.

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "तोंड गोड कुणी केलं वो तुमचं?"

मला समजलं नाही. दिवस झाले की नातेवाईक दुःखातल्या माणसाला बोलावून गोड खाऊ घालतात, त्याबद्दल त्या विचारत होत्या. मी सांगितलं, वसुधाला दिवसवार पटत नसत, तिने काही करू नका म्हणून लिहून ठेवलं होतं. म्हणून कुणी काही केलं नाही.

"म्हंजे आठ म्हयनं तुमी तसंच हिंडताय?" वहिनी म्हणाल्या. त्या आनंदरावांकडे वळल्या. "ऐकलंसा?"

"ऐकलं," आनंदराव म्हणाले.

"उद्या दुपारची गाडी हाय न्हवं तुमची? जेवून जायाचं."

ताट

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात पुरण शिजत होतं. मी ओसरीवर सोबत आणलेली वसुधाची वही वाचत बसलो होतो. बारा वाजता मला पाटावर बसवलं. ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई, आणि एका वाटीत खरपूस, दाणेदार, साखर घातलेलं काहीतरी. शेजारी तुपाचं भांडं.

आमच्याकडे पोळीवर तूप घालतात. कोल्हापुरात पोळी तुपात घालतात. "पोळी पवली पायजे," वहिनी म्हणाल्या आणि ओतलं. मी नको म्हणण्यासाठी ताटावर हात धरला तेव्हा त्यांनी हातावर ओतलं. हात चाटावा लागला.

बाकीच्यांच्या पोळ्यांवर तूप दुसऱ्या भांड्यातून वाढलं जात होतं. हे माझ्या लक्षात आलं होतं. पाहुण्याला वेगळं, चांगलं तूप, एवढाच अर्थ मी घेतला. तूप खरंच फार चांगलं होतं. त्याला किंचित पिवळसर छटा होती असं मला वाटलं, पण आमटीचा ओघळ पोळीखाली आला होता. वसुधा असती तर हळदीपासून ताट दूर ठेवायला सांगितलं असतं, असा विचार करत मी चार पोळ्या खाल्ल्या. वाटीतला तो खरपूस पदार्थ आवडला म्हणून परत मागितला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तूप छान आहे," मी म्हणालो.

"आवडलं न्हवं? मग घ्या की!" त्यांनी भांडं उपडं केलं. मी ताट बोटाने पुसून घेतलं.

हात धुतल्यावर मी म्हणालो, "गाडी तीनची आहे. तो डबा तेवढा द्या."

वहिनी आतून डबा घेऊन आल्या. काळं फडकं धुऊन, घडी करून वर ठेवलेलं. डबा घासून लख्ख केलेला. 'क्र. १६. हात लावू नये' ही चिठ्ठी घासताना जपून सोडवून, कणकेने परत चिकटवलेली. डबा जड होता. मी झाकण उघडलं. आत कांदा-लसूण चटणी होती, गच्च भरलेली, लालभडक.

"रिकामा डबा कसा द्यायचा?" वहिनी म्हणाल्या.

"लोणी?" मी विचारलं.

"सकाळी कढवलं की. आत्ता खाल्लंसा ते काय?"

मी डब्यात परत डोकावलो. त्या समजावून सांगू लागल्या. "मॅडमचं लोणी. मॅडम न्हाईत. मग त्याच्यावर हक्क कुणाचा? तुमचाच की. तोंड गोड करायचं तर त्यांच्याच तुपानं करावं म्हटलं. घरातल्या एका माणसानं जिभंला लावलं न्हाय बघा. आमास्नी डेअरीचं वाढलं."

"कढवलं ते भांडं?"

"घासलं."

"खाली राहते ती बेरी?"

"साखर घालून वाटीत दिली न्हवं! दोनदा घेतलीसा."

ओसरीवर आनंदराव सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. "सर," ते म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागलं. "ते अजून तपासायचं हुतं व्हय?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लग्नात पन्नास माणसं असताना तो डबा त्यांनी राखला होता. त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे जात होता.

"नाही," मी म्हणालो. "खायचंच होतं."

"नक्की?"

"नक्की. तिने खायलाच ठेवलं होतं."

अडकित्ता परत चालू झाला. मी वसुधाची वही उघडली. "फक्त रंग सांगा," मी म्हणालो. "तिच्या वहीत लिहायचा आहे. लोणी काढलं तेव्हा रंग कसा होता?"

"पांढराफेक," आनंदराव म्हणाले.

"तुमी कवा बघितलं?" वहिनी म्हणाल्या. "केवड्यागत हुतं. जरासं."

"म्हशीचं लोणी केवड्यागत?"

"मग मॅडम काय उगं पोती वाहत हुत्या काय एवढ्या लांबनं?"

त्यांचा वाद मोटारसायकल सुरू होईपर्यंत चालला. मी वहीत लिहिलं: 'क्र. १६. एक मत पांढरं, एक मत केवड्यासारखं. तिसऱ्या निरीक्षकाच्या ताटात हळद होती.'

निघताना समिंद्रीने मला ओळख दाखवली नाही. पोतं संपलं होतं.

घरी

मंजिरीला मी सगळं क्रमाने सांगितलं. तिने डबा उघडला, तीनदा शिंकली आणि झाकण लावलं. मिरचीचा लाल रंगही त्याच कुळातला, ती म्हणाली. आमच्या पंधरा डब्यांत मिळून नसेल तेवढा रंग या एका डब्यात आहे. मग ती टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ हसली.

मी बसमध्ये विचार करून ठेवला होता. "नमुना नष्ट झालेला नाही," मी म्हणालो. "स्थलांतरित झाला आहे. मीही सस्तन आहे. माझ्या चरबीतून काढता येईल." मी शर्टाचं खालचं बटण सोडलं.

"सर, बटण लावा," मंजिरी म्हणाली. डोळे पुसून तिने मला नीट समजावलं. एक जेवण म्हणजे फार थोडं. शिवाय ते कढवताना बरंच गेलं असेल. आणि मुख्य म्हणजे, "एकतीस वर्षं मॅडमच्या हातची कोळंबी खाल्लीत तुम्ही, खेकडे, तिसऱ्या, काय काय. त्या सगळ्यात समुद्राचा रंग असतो. तुमच्यात आधीच किती साठलेलं असेल. त्यातलं हे शेवटचं कुठलं, ते मी कसं ओळखू?"

"ते किती दिवस राहतं?" मी विचारलं.

"चरबीत असेपर्यंत हळूहळू जातं. नक्की कुणी सांगू शकणार नाही. वजन उतरलं की लवकर जातं."

निबंध पंधरा ओळींवर गेला. सोळाव्या ओळीत 'नमुना उपलब्ध नाही' असं लिहिलं आहे. चटणी अर्धी उरली आहे. डब्यावरची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. डॉक्टरांनी मला सहा किलो वजन उतरवायला सांगितलं आहे. मी अजून उतरवलेलं नाही.